एका ध्वनिमुद्रिकेचे धनी

पंडित ब्रिजभूषण काबरा यांचं नाव निघालं की बहुतेक रसिकांना एकच तबकडी आठवते, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६७ साली एचएमव्हीने ती काढली तेव्हा तिच्यात वाजवणारे तिघेही तिशीच्या आसपासचे होते. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर काबरा. तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांतून उभा करायचा, अशी मूळ कल्पना. अहीरभैरवाने दिवस उजाडतो, नटभैरव, पिलू, भूप, देस असा तो पुढे सरकतो आणि पहाडीत मिटतो. शास्त्रीय संगीताच्या वाटेला कधी न गेलेल्या घरांतही ही तबकडी पोचली, परदेशातही ती भरपूर ऐकली गेली.

त्यानंतर तिघांच्या वाटा फार वेगळ्या झाल्या. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांनी आपापली वाद्यं मैफलीच्या मध्यभागी नेऊन बसवली. शिव-हरी या नावाने ‘सिलसिला’, ‘चांदनी’, ‘लम्हे’ यांसारख्या चित्रपटांना संगीत दिलं. त्यांच्या कारकिर्दीत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा आरंभीचा एक टप्पा ठरला. काबरांच्या बाबतीत मात्र लोकांनी तिथेच शेवटची ओळ ओढली.

हा अन्याय होता असं मला ठामपणे वाटतं. काबरा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारेवर धातूची कांडी सरकवत ते वाजवायचे. पडद्यांच्या अडसरातून सुटलेली मींड हे त्यांचं खरं बळ. एका स्वरावरून दुसऱ्यावर ते इतक्या सावकाश जात की मधल्या श्रुतींनाही मान मिळे. अशा वादनाला आलाप हवा, आलापाला वेळ हवा. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त वेळच नव्हता. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम वीस मिनिटं मावणार, त्यात दोन-तीन राग आणि तीन वाद्यं. तिथे काबरांची गिटार चित्रातल्या एका रंगासारखी येते. सुंदर येते, पण रंग म्हणूनच येते. म्हणजे ज्या कामाने त्यांना घराघरांत नेलं, त्यात त्यांच्या कलेचा गाभा फारच थोडा होता. लोकांनी मात्र तो रंग म्हणजेच काबरा असं धरून चालायला सुरुवात केली.

गाजलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे त्या कलावंताचं शिखर, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते. एखादी ध्वनिमुद्रिका अफाट चालते तेव्हा कलावंताच्या गुणाबरोबर त्या घडीचं तंत्र, विकणाऱ्याची यंत्रणा आणि श्रोत्याची भूक या तिन्ही गोष्टी एका रेषेत आलेल्या असतात. पुढच्या खेपेला गुण तितकाच असतो, वाढलेलाही असतो, पण बाकीच्या तीन गोष्टी जागेवर नसतात. मग आपण सहज म्हणून मोकळे होतो की ‘पहिल्यासारखं जमलं नाही.’

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ज्यांच्या देखरेखीखाली घडली ते जी. एन. जोशी याच गोष्टीचं दुसरं उदाहरण. वकिलीचं शिक्षण घेतलेला हा मराठी माणूस पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाला आणि कितीतरी मोठ्या गायक-वादकांना त्याने मायक्रोफोनसमोर बसवलं. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या त्यांच्या आठवणी वाचल्या की त्या कामाचा पसारा कळतो. पण गायक म्हणून मराठी माणसाला जोशी आठवतात ते ना. घ. देशपांडे यांच्या ‘रानारानात गेली बाई शीळ’पुरते. त्या ध्वनिमुद्रिकेने मराठी भावगीताची वाट उघडली, म्हणून तिचं मोल मोठंच. तरी तेवढ्यावर जोशींचा हिशोब मिटवणं म्हणजे त्यांचं निम्म्याहून अधिक आयुष्य वजा करणं.

तबकडी गेली, कॅसेट आली, आणि एका ध्वनिमुद्रिकेवर ओळखल्या जाणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. कॅसेट स्वस्त होती. चित्रपटाबाहेरचं गाणं एसटी स्टँडावर, पानाच्या टपरीवर, ट्रकच्या केबिनमध्ये वाजू लागलं. १९९७ मधलं अल्ताफ राजा यांचं ‘तुम तो ठहरे परदेसी’ याच वाटेने देशभर गेलं. सुशिक्षित वर्तुळात त्याला नाकं मुरडली गेली. मला त्यात एक जुनी विद्या दिसते. अल्ताफ राजा कव्वालांच्या घरातले. मूळ ओळ घोळवत ठेवायची, मध्येच शेर पेरायचा, बोलल्यासारखं सांगायचं आणि पुन्हा त्या ओळीवर येऊन टाळी घ्यायची, ही कव्वालीतली गिरह लावण्याची रीत त्यांनी कॅसेटच्या गाण्यात आणली. २०१३ साली ‘घनचक्कर’ चित्रपटात त्यांना गायला बोलावलं तेही त्याच ढंगासाठी. दरम्यानच्या काळात हा गायक आणखी काय करू शकतो, हे पाहण्याची फारशी कुणाला गरज वाटली नाही.

मराठीत हे सगळं ‘गारवा’भोवती घडलं. कवी सौमित्र, संगीत आणि गायन मिलिंद इंगळे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या अल्बमने महाविद्यालयीन पिढीला तिचा स्वतःचा पाऊस दिला. गाण्याआधी बोलली जाणारी कविता आणि मग तिच्यातूनच उगवल्यासारखी चाल, ही त्याची रचना आजही ताजी वाटते. इंगळे यांनी हिंदीत ‘ये है प्रेम’ केलं, मराठीत ‘सांज गारवा’ही केलं. तरी जून उजाडला की त्यांच्याकडे मागणी होते ती त्याच गाण्यांची. इथे श्रोत्यांचा दोष मोठा आहे. आवडत्या संगीतकाराने वाढावं असं आपण म्हणतो आणि कार्यक्रमात चिठ्ठी पाठवतो ती जुन्याच गाण्याची.

पण सगळं खापर श्रोत्यांवर फोडता येणार नाही. २००० नंतर चित्रपटाबाहेरच्या संगीताचा आधारच निखळला. एमपीथ्री सीडी रस्त्यावर कवडीमोलाने मिळू लागल्या. कंपन्यांनी पैसा चित्रपटसंगीतात वळवला. संगीतवाहिन्या आणि नवी खासगी एफएम केंद्रं चित्रपटगीतांनी भरून गेली. ज्यांची दुसरी-तिसरी ध्वनिमुद्रिका याच सुमारास यायची होती, त्यांच्यापाशी दुकानही उरलं नाही आणि पडदाही. या घसरणीतून सावरले ते रंगमंचाकडे वळलेले. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ पासून चालला. जुन्याच्या ओढीने आलेल्या प्रेक्षकासमोर त्याच बैठकीत नवं गाणं ठेवता येतं, हे त्यांनी दाखवलं.

आज मोबाइलवर गाणं सुटं येतं. यादी कुणी दुसराच लावतो, किंवा यंत्र लावतं. ‘गारवा’तली बोललेली कविता बाजूला पडते आणि नुसती चाल सुरू होते. मेंढपाळाच्या दिवसातला देस तेवढा उचलला जातो आणि त्याच्या आधीची पहाट कुणाच्या कानी पडत नाही. क्रमातून अर्थ घडवण्याची जी कला अल्बमने कमावली होती तिला जागाच उरत नाही, आणि हे नुकसान मला कुणा एकाच्या अपयशापेक्षा मोठं वाटतं. पण याच मोबाइलवर काबरांचं एकल वादनही सापडतं. रात्रीच्या निवांत वेळी त्यातला एखादा पूर्ण आलाप मध्ये न थांबवता ऐकावा. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त न मावलेला वादक तिथे भेटतो.