ताणलेल्या तारांची रिंग

नडगीभोवती तीन-चार कड्या, त्यांना जोडणारे आट्यांचे रॉड आणि हाडातून आरपार गेलेल्या तारा. इलिझारोव्हची रिंग पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. तरी नजर वळवू नये. तुटलेल्या पायासाठी इतक्या विचाराने बांधलेली दुसरी रचना मला ठाऊक नाही.

सगळं मर्म तारेत आहे. जाडी दीड ते १.८ मिलिमीटर, हाताने वाकेल अशी. तीच शंभर-सव्वाशे किलोच्या ताणाने कडीवर आवळली, की माणसाचं वजन पेलते. सायकलच्या चाकाचे बारीक आरे स्वाराला पेलतात, ते याच न्यायाने. पाऊल टेकलं की तार किंचित लवते. त्यामुळे हाडाच्या टोकांवर उभा दाब येतो, पण ती आडवी फारशी सरकत नाहीत. हाड जुळायला नेमकं हेच हवं असतं. घट्ट धरायचं आणि तरीही लवायचं, हे मला यातलं सर्वांत देखणं वाटतं.

घोट्याजवळ तर ही रचना आणखी खुलते. उंचावरून पडलेल्याची नडगी खाली सांध्यापाशीच फुटते. तिथे हाडावर मांस जवळपास नाहीच, नुसती कातडी. तीही सुजून फोड आलेली. मोठी चीर देऊन प्लेट टाकली, तर जखम चिघळायची भीती. रिंगेला तारेपुरती भोकं पुरतात. सांध्याचा पृष्ठभाग जुळवायला लागलीच तर छोटी चीर. काही तारांवर बारीक मणी असतो. तार ओढली, की तो सुट्या तुकड्याला रेटून जागेवर आणतो.

गाव्रिल इलिझारोव्ह यांनी हे १९५० च्या सुमारास सैबेरियातल्या कुर्गान भागात घडवलं. उंच उडीतला १९६४ चा ऑलिंपिक विजेता वालेरी ब्रुमेल याचा पाय पुढच्याच वर्षी मोटारसायकल अपघातात चिरडला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर तो कुर्गानला गेला आणि नंतर पुन्हा दोन मीटरच्या वर उडाला. पश्चिम युरोपाने मात्र दखल घेतली ती १९८० मध्ये इटालियन गिर्यारोहक कार्लो मौरी तिथून बरा होऊन परतल्यावर.

उणीव आहेच. महिनोन् महिने ते ओझं वागवायचं, अंथरुणात कूस बदलणं अवघड आणि तारेच्या तोंडाशी पू होण्याचा धोका कायम. म्हणून घरात कुणाला रिंग बसवली असेल, तर तारांभोवतीची जागा सांगितल्याप्रमाणे स्वच्छ ठेवा आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, की त्याला भीतीपोटी झोपवून ठेवू नका, चालू द्या.