हर्बर्ट बायर : जाहिरातीचा डोळा आणि डोंगराची वाट

आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव हर्बर्ट बायर. डिझाइन शिकलेल्या मंडळींना हे नाव बाउहाउसमुळे ठाऊक असतं, बाकीच्यांना बहुधा नसतं. तेव्हा आधी थोडक्यात ओळख करून घेऊ आणि मग मुद्द्याकडे वळू.

जन्म १९०० सालचा, ऑस्ट्रियातल्या हाग आम हाउसरुक या लहान गावातला. १९२१ मध्ये तो जर्मनीतल्या वायमारला बाउहाउस या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १९२५ ते १९२८ या काळात, शाळा डेसाउला हलल्यावर, तिथेच त्याने छपाई आणि जाहिरात हा विभाग चालवला. नंतरची दहा वर्षं बर्लिनमध्ये डॉर्लंड या जाहिरातसंस्थेच्या स्टुडिओचा तो कलादिग्दर्शक होता. १९३८ मध्ये तो अमेरिकेला गेला. १९४६ पासून कोलोरॅडोच्या डोंगरातल्या ॲस्पेन गावी राहिला. मृत्यू १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियात. तो उत्तम स्कीइंग करायचा, डोंगर चढायचा, पायी भटकायचा. १९२३ मध्ये शाळा मध्येच सोडून तो इटलीत भटकायला निघाला. बराचसा प्रवास पायी केला आणि पोटासाठी वाटेत रंगाऱ्याची कामं केली.

आता अशा माणसाबद्दल लिहिताना एक सोपी गोष्ट तयार असते, आणि ती बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. डोंगरावर प्रेम करणारा कलावंत, निसर्गाने त्याला ताजं ठेवलं, म्हणून त्याचं काम इतकं स्वच्छ आणि मोकळं. आपल्याकडेही जाहिरातक्षेत्रातला कुणी शनिवार-रविवार सह्याद्रीत जात असेल तर त्याच्याबद्दल आपण असंच म्हणतो. ऐकायला बरं वाटतं. पण बायरच्या कामाकडे नीट पाहिलं तर ही गोष्ट टिकत नाही. ती का टिकत नाही आणि तिच्या जागी काय ठेवायचं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात त्याच्या डोळ्यापासून करू. जाहिरातीचा डोळा म्हणजे काय? रस्त्यावरून चाललेल्या माणसाला दोन सेकंदांत एक गोष्ट कळली पाहिजे. पोस्टरसमोर तो थांबणार नाही, हे धरूनच काम करायचं. म्हणून सगळं अनावश्यक काढून टाकायचं. बायरचा यात हातखंडा होता. १९२५ मध्ये त्याने एक अक्षरवळण आखलं, त्यात कॅपिटल अक्षरंच ठेवली नाहीत. बोलताना आपण कॅपिटल उच्चारत नाही, मग लिहिताना दोन-दोन वर्णमाला कशाला, असा त्याचा युक्तिवाद. त्याआधी १९२३ मध्ये, जर्मनीत महागाईने कहर केला होता तेव्हा, थुरिंगिया राज्याच्या बँकेसाठी त्याने लाखो मार्कांच्या तातडीच्या नोटा केल्या. ठळक अक्षरं, पट्ट्या, रंग, बस. दुसऱ्या दिवशी जिची किंमत उरणार नाही त्या नोटेवर वेलबुट्टी कशाला हवी?

आणि मग १९३२ मधलं एक फोटोमोंटाज आहे, ‘एकाकी महानगरवासी’. जरूर शोधून बघा. बर्लिनमधल्या एका चाळवजा इमारतीचं अंगण आहे, सगळीकडे खिडक्या. त्यासमोर हवेत दोन हात तरंगताहेत आणि दोन्ही तळहातांत एकेक डोळा आहे. चेहरा नाही, धड नाही. जाहिरातीच्या स्टुडिओत बसलेल्या माणसाचं याहून खरं चित्र मी पाहिलेलं नाही. डोळे आहेत, हात आहेत, कौशल्य आहे. पण पाय नाहीत. हा माणूस कुठेही उभा नाही.

‘कुठेही उभा नाही’ हे मी मुद्दाम म्हणतो आहे, कारण आता अवघड भाग येतो.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बाउहाउसची बरीच मंडळी देश सोडून गेली. बायर राहिला, आणि काम करत राहिला. १९३४, १९३५ आणि १९३६ या तीन वर्षांत बर्लिनमध्ये तीन मोठी सरकारी प्रदर्शनं झाली, त्यांच्या छापील साहित्यावर त्याचा हात आहे. त्यातलं १९३५ चं ‘जीवनाचे आश्चर्य’ हे प्रदर्शन आरोग्याच्या नावाखाली वंशशुद्धीचा प्रचार करणारं होतं. १९३६ चं ‘जर्मनी’ प्रदर्शन ऑलिंपिकला आलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी होतं. त्याच्या पुस्तिकेत एका पानावर प्रचंड जनसमुदाय आहे आणि त्यातून वर आलेले तीन चेहरे : कामगार, शेतकरी, सैनिक. मांडणी देखणी आहे. जर्मनी किती सुंदर, किती जुनी, किती सुखी, हे सांगणारी ती एक उत्तम पर्यटन-जाहिरात आहे. आणि हे काम करणाऱ्या माणसाची पत्नी ज्यू वंशाची होती. १९३७ मध्ये नाझींनी ‘भ्रष्ट कला’ म्हणून जे प्रदर्शन भरवलं त्यात बायरचंही चित्र टांगलं. पुढच्या वर्षी तो देशाबाहेर पडला.

काही अभ्यासक म्हणतात, पोटाचा प्रश्न होता, क्लायंट सरकार होतं, त्याने फक्त मांडणी केली. काही म्हणतात, यापुढे त्याचं काही ऐकूच नका. मला या दोन्ही टोकांना जायचं नाही. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. याच काळात हा माणूस डोंगरात जात होता, बर्फावर घसरत होता. डोंगराने त्याला रोखलं नाही. मोकळी हवा खाल्ल्याने माणूस आपोआप शहाणा होतो असं नाही. उलट डोंगर, शेत, निरोगी तरुण देह हे सगळं तर त्या राजवटीचं आवडतं चित्र होतं. म्हणजे निसर्गप्रेम हा बायरच्या बाजूचा पुरावा म्हणून आपल्याला वापरता येत नाही. सोपी गोष्ट इथेच मोडते.

मग डोंगराने त्याच्या कामाला काहीच दिलं नाही का? दिलं. पण ते फार उशिरा दिलं, आणि वेगळ्या मार्गाने दिलं.

अमेरिकेत आल्यावरही पहिली काही वर्षं जाहिराती आणि प्रदर्शनांतच गेली. १९४४ च्या सुमारास त्याने व्हरमाँटमध्ये डोंगरांची एक चित्रमालिका सुरू केली. त्यात डोंगर हा दुरून दिसणारा निळा त्रिकोण नाही. त्याला वळ्या आहेत, घड्या आहेत, कापडासारखा तो दुमडला आहे. जमीन आतून कशी वाकली हे शोधणारी ती चित्रं आहेत. उतारावर पाय ठेवलेल्या माणसाला जे कळतं, ते इथे पहिल्यांदा कागदावर आलं.

१९४५ च्या हिवाळ्यात वॉल्टर पेपकी या उद्योगपतीने त्याला ॲस्पेन दाखवलं. पेपकी पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचा प्रमुख. ॲस्पेन एकेकाळी चांदीच्या खाणींचं श्रीमंत गाव होतं. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि गाव ओस पडलं. पेपकीला तिथे स्कीइंग आणि विचारमंथन अशा दोन्हींचं केंद्र उभारायचं होतं. बायर तिथे राहायलाच गेला. त्याने जुन्या इमारती दुरुस्त केल्या, डोंगरमाथ्यावर स्कीवाल्यांसाठी अष्टकोनी ‘सनडेक’ बांधलं, आणि गावाची पोस्टरंही केली. १९५० मध्ये तिथे स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आज ॲस्पेन हे अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या गावांपैकी एक आहे. तिथे काम करणाऱ्या अनेकांना तिथे घर घेणं परवडत नाही. याचं सगळं खापर एका पोस्टरवर फोडणं चूक ठरेल. पण त्या पोस्टरांनी आपलं काम चोख केलं, हेही खरं. मुंबई-पुणे रस्त्यावर ‘निसर्गाच्या कुशीत’ प्लॉट विकणारे फलक आपण रोज बघतो. फलकावर डोंगर असतो, आणि पुढे त्याच डोंगराला जेसीबी लागतो. जाहिरात जे दाखवते तेच खाते, हा धोका बायरच्या गावालाही चुकला नाही.

पण ॲस्पेनमध्ये राहताना त्याने दोन कामं अशी केली की ती पोस्टरवाल्याकडून अपेक्षित नव्हती.

पहिलं म्हणजे १९५३ चा ‘वर्ल्ड जिओ-ग्राफिक ॲटलस’. पेपकीच्या कंपनीने काढलेला, विक्रीसाठी नसलेला. बायर त्यावर पाच वर्षं खपत होता. नकाशे तर आहेतच, पण शेजारी खडकांचे थर, हवामान, पिकं, खनिजं, लोकसंख्या, हे सगळं छोट्या चित्रांतून समजावलेलं. पृथ्वीवरचे साठे संपणारे आहेत हेही त्यात आहे, आणि ते सांगतोय कोण, तर खोके बनवणारी कंपनी! यातली विसंगती डोळ्याआड करू नका. पण कामाची जातही ओळखा. दोन सेकंदांत वाचून होणारं हे पान नाही. त्यावर बोट ठेवून तासभर बसावं लागतं.

दुसरं काम १९५५ चं, ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या आवारातलं : ‘ग्रास माउंड’, गवताचा उंचवटा. साधारण चाळीस फूट व्यासाचा मातीचा गोल बांध, त्यावर गवत. एका बाजूने आत शिरायला वाट. आत एक खड्डा, एक लहान टेकाड, एक उभा दगड. बस. बाहेरून फोटो काढला तर फारसं काही हाती लागत नाही. आत गेलात की भोवतालची घरं-रस्ते दिसेनासे होतात, वर फक्त आकाश आणि बांधाच्या कडेवर डोंगरांची शिखरं. रॉबर्ट स्मिथसनची प्रसिद्ध ‘स्पायरल जेटी’ १९७० ची. माती हेच माध्यम मानणारी कला अमेरिकेत गाजायच्या पंधरा वर्षं आधी एका जाहिरातवाल्याने हे करून ठेवलं होतं, आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही.

याचं पुढचं पाऊल १९८२ मध्ये पडलं, वॉशिंग्टन राज्यातल्या केंट नावाच्या शहरात. तिथल्या मिल क्रीक या ओढ्याचं पाणी पावसात खालच्या शहरात शिरायचं. वरच्या अंगाला बांधकामं वाढली, जमिनीत मुरणारं पाणी वाहून यायला लागलं, पूर वाढले. ही कथा आपल्याला वेगळी सांगायला नको. इंजिनिअरांना पाणी अडवणारं धरणवजा तळं हवं होतं. बायरने अडीच एकरांवर मातीचे गोल, बांध, शंकू, छोटे पूल अशी रचना केली. एरवी ती बाग आहे, लोक फिरायला येतात, मुलं गडगडत खाली येतात. मोठा पाऊस आला की तिच्यात पाणी साठतं आणि खालचं शहर वाचतं. शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराचा हिशेब धरून ती आखली होती. आपल्याकडे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणत डोंगरउतारावर समतल चर खणतात, त्याच घराण्यातली ही गोष्ट; फक्त ती खणताना आकाराचाही विचार केला.

या दोन कामांमध्ये बायरच्या भटकंतीचं खरं फळ आहे, असं माझं म्हणणं आहे. इतकी वर्षं तो डोंगर दाखवत होता. इथे त्याने बघणाऱ्याला चालायला लावलं. पोस्टरला एक बाजू असते, बांधाला चारही बाजू असतात. ऊन असतं, चिखल असतो. पोस्टर खोटं बोललं तरी टिकतं. बांध खोटा असेल तर पहिल्या मोठ्या पावसात कळतं. त्या तरंगणाऱ्या हातांना पन्नास वर्षांनी पाय फुटले, असं म्हणता येईल.

याने १९३६ ची पुस्तिका पुसली जाते का? नाही. ती त्याच्या नावावर राहणार, आणि राहावी. एका चांगल्या बागेने जुना हिशेब फिटत नसतो. पण टीकाकार म्हणून आपल्याला इतकं तरी नेमकं सांगता आलं पाहिजे, की त्याच हातात दोन वेगळी कौशल्यं होती. एक, जागेपासून लांब उभं राहून तिला आकर्षक करण्याचं. दुसरं, त्या जागेत राहून तिची गरज भागवण्याचं. पहिल्यात तो जगातल्या सर्वोत्तमांपैकी होता, आणि म्हणूनच धोकादायकही ठरला. दुसरं शिकायला त्याला आयुष्याचा उत्तरार्ध लागला.

इथे जाहिरातीत, डिझाइनमध्ये काम करणारे बरेच जण ऐकत असतील, आणि त्यांतले कित्येक ट्रेकलाही जात असतील. गडावरून परत येताना फोनमध्ये तुम्ही जे घेऊन येता त्याचं सोमवारी काय होतं, एवढा एक प्रश्न तुमच्यासाठी ठेवतो. ते एखाद्या लेआउटची पार्श्वभूमी होत असेल तर त्यात काही पाप नाही. पण ज्या गावातून तुम्ही वर चढलात तिथल्या पाणवठ्याचा, वाटेचा, शाळेचा एखादा प्रश्न तुमच्या हातातल्या कौशल्याने सुटेल का, हेही एकदा बघा. बायरला हा प्रश्न पडेपर्यंत पंचावन्न वर्षं गेली होती.

तुमचे प्रश्न आता घेऊ.