निमूटपणे, मुकाट्याने, चुपचाप

‘निमूटपणे’ आणि ‘मुकाट्याने’ ही क्रियाविशेषणे सर्रास समानार्थी मानली जातात. वापरात मात्र त्यांचा रोख भिन्न आहे. ‘मुकाट्याने चल’ यात दरडावणाऱ्याचा आवाज आहे. ‘तिने निमूटपणे सोसले’ यात सोसणारीकडे पाहणाऱ्या निवेदकाचा. ‘बिनतक्रार’मध्ये तक्रारीचा हक्क तरी गृहीत असतो. (हिंदीत ‘तकरार’ म्हणजे भांडण, हा भेदही लक्षणीय.) हिंदी ‘चुपचाप’ या छटांसह ‘गुपचूप’लाही सामावून घेते. त्यामुळे ‘वह चुपचाप चली गई’ याचा अनुवाद करताना ‘गुपचूप’ योजल्यास त्या स्त्रीला स्वतःचा बेत लाभतो, ‘निमूटपणे’ योजल्यास केवळ शरणागती उरते. मराठीत ‘चुपचाप’ही रुळला आहे खरा, संदर्भ मुग्ध असेल तेथे, परभाषिक वाटला तरी, तोच राखणे मला अधिक प्रामाणिक वाटते.