सुविचाराखालचा पत्ता

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत, राज्यातल्या इतर शाळांप्रमाणेच, सकाळी परिपाठ होतो: प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष आणि एक सुविचार. थोरांच्या वचनांच्या पुस्तकांना मराठीत सर्वांत मोठा आणि नेमाचा वाचक मिळतो तो इथे. त्याच्या हाती पडणारी पुस्तिका मात्र पातळ असते. तिच्यात वाक्य असतं, पण ते कुठल्या ग्रंथातलं, कोणत्या प्रसंगाचं, याचा मागमूस नसतो. फार तर खाली ‘विवेकानंद’ एवढं छापलेलं असतं, तेही बेभरवशाचं.

परंपरा अशी दरिद्री नव्हती. परशुराम बल्लाळ गोडबोले यांचं ‘नवनीत’ हे मराठी कवितेच्या वेच्यांचं पुस्तक १८५४ सालचं. अमेरिकेत जॉन बार्टलेट या पुस्तकविक्रेत्याचा प्रसिद्ध अवतरणसंग्रह निघाला तो त्याच्या पुढच्या वर्षी. ‘नवनीता’त वेचे कवीवार होते, त्यामुळे ओळ आवडली की कवीकडे जाण्याची वाट उघडी असे. निर्णयसागर छापखान्याच्या ‘सुभाषितरत्नभाण्डागारा’त संस्कृतातले दहा हजारांहून अधिक श्लोक विषयवार लावले आहेत; कीर्तनकारांची आणि वक्त्यांची त्यावर भिस्त होती. पण तिथेच एक खोट शिरली: अनेक श्लोकांचे कर्ते हरवले. पुढे लुडविक श्टेर्नबाख यांनी होशियारपूरहून १९७४पासून ‘महासुभाषितसंग्रह’ काढायला घेतला, तेव्हा प्रत्येक श्लोक कुठे कुठे आढळतो हे नोंदवलं. काम अपुरं राहिलं, तरी दिशा तीच बरोबर.

या बाबतीत खरा आदर्श गोव्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबींचा. भर्तृहरीच्या नावावर कोणीही श्लोक खपवावा अशी शतकानुशतकं रीत होती. कोसंबींनी शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली आणि १९४८च्या आवृत्तीत सर्व परंपरांत आढळणारे सुमारे दोनशे श्लोक वेगळे काढले. नंतर वा. वि. गोखल्यांसह त्यांनी विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादला. तो १९५७ साली हार्वर्डहून निघाला. इसवी सन ११००च्या सुमाराला हा संग्रह करणारा विद्याकर बंगालच्या जगद्दल विहारातला बौद्ध पंडित. ते ठिकाण आज बांगलादेशात आहे. पूर्व पाकिस्तानातून उठून मुलचेऱ्याच्या जंगलात वसवल्या गेलेल्या बंगाली कुटुंबांच्या मुलांना हे कधीतरी सांगायला हवं.

आणि आधुनिक मराठीत? माझ्या मते आपला सर्वोत्तम अवतरणकोश दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) हाच आहे. तो त्यासाठी रचलेला नाही, पण शब्दाच्या अर्थाखाली ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, मोरोपंत यांतले उतारे स्थळनिर्देशासह येतात. याच जोडीचा ‘वाक्संप्रदाय कोश’ १९४२ आणि १९४७ साली दोन भागांत आला. शब्दकोश आता मोबाइलवर चकटफू शोधता येतो. मुलचेऱ्याच्या गुरुजींना त्यासाठी नागपूर गाठायला नको. उलट व्हॉट्सॲपवर पु. ल. आणि व. पु. यांच्या नावानं रोज जे फिरतं, त्याला कोणी पुस्तकाचं नाव विचारत नाही. वाचकाला मूळ ग्रंथापर्यंत नेत नाही तो संग्रह सजावटीचा माल, असंच मी म्हणेन.

विदर्भात तरी सबब नको. तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय घरोघर आहेत आणि तिच्या ओव्या गावोगाव भिंतींवर रंगवलेल्या दिसतात. अध्याय आणि ओवी क्रमांक टाकायला रंगाचे दोन फटकारे पुरेत. इथल्या आदिवासींच्या माडिया-गोंडी म्हणींचं काम याहून अवघड आहे. तिथे ग्रंथ नाही, बोलणारी माणसं आहेत. पत्ता म्हणून गाव, सांगणाऱ्याचं वय आणि म्हण कोणत्या वेळी वापरतात हे लिहावं लागेल.

शिक्षकांना विनंती एवढीच: उद्याच्या सुविचाराखाली ग्रंथ आणि पान लिहा. सापडलं नाही, तर ‘कर्ता अज्ञात’ असं लिहा, आणि कर्ता शोधायचं काम सातवीच्या वर्गाला द्या.