शौचालयापासून सुरू होणारी नदी

जर्मनीतल्या रूर खोऱ्यात कोळसाखाणींमुळे जमीन खचायची, जमिनीखाली गटारं टिकत नसत. म्हणून एम्शर नदीचंच उघडं गटार झालं. २०१० मध्ये तिच्या काठाशी मार्येतित्सा पोत्रच आणि ‘ऊझ’ या वास्तुरचनाकारांनी एक बाग उभारली. नदीचं आणि शौचालयाचं सांडपाणी पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून नेत ती पिण्याजोगं करायची. तिचा प्रामाणिकपणा मला आवडतो. सुशोभीकरण बहुधा घाण लपवतं. इथे पाहुण्यांची घाण हाच कलाकृतीचा कच्चा माल. पण पेलाभर स्वच्छ पाणी म्हणजे नदी नव्हे. एम्शर सांडपाणीमुक्त झाली २०२१ च्या अखेरीस, खाणी थांबल्यावर जमिनीखाली टाकलेल्या ५१ किलोमीटरच्या वाहिनीमुळे. ती वाहिनी बघायला कुणी जात नाही. काठावरच्या गप्पा मात्र तिच्याच जिवावर रंगतात.