एक पियानो, दोन चौकड्या

कीथ जॅरेट या अमेरिकन पियानोवादकाने १९७०च्या दशकात दोन चौकड्या चालविल्या. एक अमेरिकन, दुसरी स्कँडिनेव्हियन वादकांची. ‘द सर्व्हायव्हर्स सूट’मध्ये (ध्वनिमुद्रण १९७६) ड्यूई रेडमनचा सॅक्सोफोन खरखरतो, चार्ली हेडनचा बास जमीन सोडत नाही, वादक एकमेकांशी भांडतातसुद्धा. ऑस्लोत मुद्रित झालेल्या ‘बिलाँगिंग’मध्ये (१९७४) यान गारबारेकचा सॅक्सोफोन निर्मळ, काहीसा एकाकी. पहिली चौकडी रक्ताची, दुसरी बर्फाची, हा नेहमीचा निवाडा मला उथळ वाटतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेलचा ठेका ‘बिलाँगिंग’मध्येच अधिक ठसठशीत आहे! हाच गारबारेक ‘ऑफिशियम’मध्ये (१९९४) मोरालेसने स्वरबद्ध केलेल्या ईयोबाच्या लॅटिन विलापात सामील होतो, तोही गायकांचा एक शब्द न झाकता. आपल्या गायकवृंदांनी तो अवश्य ऐकावा.