ड्रेसिंग म्हणजे फोडणी नव्हे

'सॅलड ड्रेसिंग म्हणजे आपली फोडणीच की!' असं बरेचदा ऐकायला मिळतं. तुलना सोपी आहे, पण रसायनशास्त्राच्या पेपरात ती नापास होते.

आधी शब्द बघू. 'ड्रेसिंग'च्या मुळाशी फ्रेंच क्रियापद आहे. अर्थ नीट मांडणं, सज्ज करणं. म्हणून इंग्रजीत जखमेचंही ड्रेसिंग होतं आणि काकडीचंही. आपल्याकडे आधी जखमेचंच रुळलं. 'व्हिनेग्रेट' आलं व्हिनेगरवरून, आणि व्हिनेगर म्हणजे मुळात आंबट झालेली वाइन. आपली 'फोडणी' मात्र 'फोडणे'वरून. कडकडीत तेलात मोहरीतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा तडतडून फुटतो.

खरी गोष्ट या मोहरीतच आहे. तिचा झणका दाण्यात तयार नसतो. सिनिग्रिन हे संयुग आणि मायरोसिनेज हे विकर दाण्यात वेगवेगळे असतात. मोहरी वाटली, पाणी लागलं, की दोघांची गाठ पडते आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. फोडणीत उष्णतेने विकरच निकामी होतं. म्हणून तिथली मोहरी खमंग लागते, झणझणीत नाही.

व्हिनेग्रेटमध्ये साधारण ३ भाग तेल, १ भाग व्हिनेगर. दोघांचं पटत नाही, म्हणून त्यात बरेचदा वाटलेली मोहरी घालून फेटतात. तिच्यामुळे तेलाचे थेंब लवकर वेगळे होत नाहीत. म्हणजे कच्ची, वाटलेली, फेटलेली मोहरी. याला मराठीत शब्द आहे की: मोहरी फेसणे! अशी मोहरी, म्हणजे राई, घालून होतं ते रायतं. आता हॉटेलातलं रायतं म्हणजे दह्यात बुंदी. राईचा पत्ताच नाही.

फोडणीवाल्यांची बाजू अगदीच खोटी नाही. आमच्या वऱ्हाडात गोळाभातावर फोडणीचं तेल ताटातच वरून घेतात. कामाच्या दृष्टीने ते ड्रेसिंगच झालं. पण घडणीच्या दृष्टीने ड्रेसिंगची सख्खी बहीण फेसलेली मोहरीच.

बाटलीवर 'ड्रेसिंग' लिहिलं तर माझी हरकत नाही. पण त्यासाठी मराठी शब्द शोधताना सरसकट 'फोडणी' लिहू नये. त्यात दोन उलट क्रिया एक होतात आणि 'फेसणे' हा नेमका शब्द विनाकारण अडगळीत जातो.